किलोचा संयुक्त ताबा

४ जानेवारी, रविवार

बेकरीच्या मालकीणबाईंस,

मी आपणांस सर्वस्वी अपरिचित नसावा. मी वजन-मापे खात्याचा निवृत्त निरीक्षक. अकरा वर्षांपूर्वी आपल्या गल्ल्यावरचा काटा सात ग्रॅमच्या फरकाबद्दल मीच जप्त केला होता. प्रस्तुत पत्राचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही.

गेल्या सप्टेंबरात माझ्या पत्नीचे निधन झाले. वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या खिडकीवर ती बावीस वर्षे बसत असे, तेव्हा आपण तिला पाहिले असेलच. काल नगरपालिकेच्या परवाना विभागाकडून आमच्या कुत्र्याच्या, किलोच्या, परवान्याचे नूतनीकरण करण्याविषयी सूचना आली. आजवर हे काम पत्नी पाहत असल्याने तो कागद मी प्रथमच वाचला. ‘मालक’ या रकान्यात दोन नावे आहेत. पहिले माझ्या पत्नीचे, दुसरे आपले.

मी ते तीनदा वाचले, आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचले. ही लेखनिकाची चूक असावी, असा माझा तर्क आहे. ती दुरुस्त व्हावी म्हणून सोबत एक निवेदन जोडले आहे: ‘सदर कुत्र्याशी माझा कोणताही संबंध नाही.’ त्याखाली सही करून ते परत पाठवावे. मुदत एकतीस मार्चपर्यंत आहे.

घाई करण्याचे कारण एवढेच, की या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारा आता किलोच उरला आहे. त्याच्या कागदात शंकेला जागा असू नये.

उत्तर लेखी मिळावे. तोंडी बोलण्याचा पुढे पुरावा राहत नाही.

निवृत्त निरीक्षक


७ जानेवारी, बुधवार

निरीक्षकसाहेब,

पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांवर लिहितेय. दुसरा कागद हाताशी नाही आणि भट्टी पेटलेली आहे. कागदाला पीठ लागलं असेल तर तेवढं जप्त करू नका.

लेखनिकाची चूकबिक काही नाही. नाव माझं आहे आणि सहीपण माझीच. आता ऐका, म्हणजे वाचा.

अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या कोठारात पोत्यांमागे एक कुत्री व्याली आणि दोन दिवसांनी पिल्लं घेऊन निघून गेली. एक विसरली. त्याच वेळी ताई पाव घ्यायला आल्या होत्या. तुमच्या मिसेसना मी ताईच म्हणायचे. मी बाटलीने दूध पाजून ते जगवलं, आणि ते जरा बाळसं धरल्यावर दोघींनी मिळून गल्ल्यावरच्या काट्यावर ठेवलं. बरोब्बर एक किलो! ताई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “झालं, हेच नाव.”

मी म्हटलं, “ताई, मला एकटीला नाही जमायचं, मला भट्टी आहे.” त्या म्हणाल्या, “मलाही एकटीला नाही जमायचं, मला नवरा आहे.” म्हणून मग अर्धा अर्धा ठरला. राहायला तुमच्याकडे, सकाळी सात ते नऊ माझ्याकडे. परवान्यावर दोघींची नावं घातली. ताई रोज सकाळी फिरायला जायच्या ना? त्या इथवरच यायच्या. भट्टीच्या उबेला बसून चहा प्यायच्या, किलो पोत्यांवर झोपायचा, आणि आम्ही जगातल्या सगळ्या माणसांना नावं ठेवायचो. तुम्हाला जरा जास्त.

तुम्हाला सांगणारच होत्या. पण पुढच्याच महिन्यात तुम्ही आलात आणि माझा काटा उचलून नेलात! आता त्या काय सांगणार? अहो, जिचा काटा तुम्ही नेलात तिच्याशी मी भागीत कुत्रा घेतलाय म्हणून? तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी म्हटलं, “आता तरी सांगून टाका.” तर म्हणाल्या, “नको गं, ते मागच्या तारखेने स्वतःवरच तक्रार दाखल करतील.”

चार महिने मी त्याला पाहिलेलं नाही. तुमच्या दारात येऊन कुत्रा मागायचा कसा? तुमच्याकडे दुसरं होतं कोण? म्हणून गप्प बसले. पण ‘कोणताही संबंध नाही’ असं लिहून द्या म्हणाल, तर ते नाही जमणार. अर्धा कुत्रा माझा आहे. कुठला अर्धा ते तुम्ही ठरवा, मापं तुमच्याकडे आहेत.

ताई मला बहिणीसारख्या होत्या, त्या हिशेबाने तुम्ही माझे भाऊजी लागता. तेव्हा, भाऊजी, निवेदन परत पाठवतेय. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पोत्यांची यादी केली आहे. माफ करा.

बेकरीवाली


११ जानेवारी, रविवार

बेकरीच्या मालकीणबाईंस,

आपले पत्र मिळाले. ‘भाऊजी’ हे संबोधन कृपया वापरू नये. आपल्यात नाते नाही, आणि नसलेले नाते लेखी स्वरूपात मांडणे मला प्रशस्त वाटत नाही.

परवान्यावरील आपली सही मी आपल्या पत्राच्या हस्ताक्षराशी भिंगातून ताडून पाहिली. ती आपलीच आहे. सेवानियमांनुसार परवानाधारक व्यापाऱ्याशी संयुक्त मालमत्ता धारण करण्यास मज्जाव होता, आणि तो कुटुंबीयांनाही लागू होता. सबब सात वर्षे मी अजाणतेपणी नियमभंग करीत होतो. पत्नीचा माझ्याविषयीचा अंदाज खरा होता. तशी तक्रार मी खरोखरच दाखल केली असती.

एका गोष्टीचा मात्र मला खेद झाला. ‘किलो’ हे नाव माझ्या खात्याच्या सन्मानार्थ ठेवले गेले, अशी माझी अकरा वर्षे समजूत होती. निवृत्तीच्या समारंभात मी भाषणात तसा उल्लेखही केला होता. पत्नी पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिने मान डोलावली होती.

शिवाय, ज्या काट्यावर त्याचे वजन झाले तो तोच सात ग्रॅम चुकीचा काटा होय. म्हणजे ते पिल्लू नऊशे त्र्याण्णव ग्रॅमचे होते. हे नोंदवून ठेवतो.

असो. पत्नीचा अर्धा हिस्सा वारसाहक्काने माझ्याकडे येतो आणि उरलेला आपला आहे, हे मला मान्य करावे लागते. म्हणून पुढील करारनामा प्रस्तावित करतो.

कलम एक: रविवारी सकाळी दहा ते बुधवारी सकाळी दहा किलो आपल्याकडे राहील, उरलेले दिवस माझ्याकडे.

कलम दोन: प्रत्येक हस्तांतरणाच्या वेळी आपल्या कोठारातील पोती तोलण्याच्या काट्यावर त्याचे वजन करून दोन्ही पक्षांनी नोंद ठेवावी. काटा तपासण्यासाठी प्रमाणित वजने मी घेऊन येईन.

कलम तीन: ठरलेल्या आहाराव्यतिरिक्त कोणीही काही चारू नये.

कलम चार: पत्रव्यवहार किलोच्या गळपट्ट्याला अडकवलेल्या पिशवीतून व्हावा. टपालाचा विलंब टळेल.

कलम पाच: माझ्या ताब्यात असताना दुपारी चार ते साडेपाच या वेळेत कोणीही त्याला हाक मारू नये, किंवा त्याचे लक्ष विचलित करू नये. या कलमाचा खुलासा आवश्यक आहे. पत्नी वाचनालयातून साडेचारच्या सुमारास परतत असे. ती गेल्यापासून किलो दररोज चारच्या ठोक्याला फाटकाशी जाऊन बसतो आणि रस्त्याकडे पाहत राहतो. एकही दिवस चुकलेला नाही. हल्ली मीही खुर्ची बाहेर घेऊन त्याच्याजवळ बसतो. दोघे असलो की बरे वाटते. इतर कलमांत आपण फेरबदल सुचवू शकता, या कलमात नाही.

निवृत्त निरीक्षक


१४ जानेवारी, बुधवार

साहेब,

सगळं मान्य. नऊशे त्र्याण्णव तर नऊशे त्र्याण्णव. बिचाऱ्याला अकरा वर्षं किलो म्हणून मिरवलं, आता तोंड लपवत फिरेल.

काट्यात तेव्हा खोट नव्हती हो, पात्राखाली पीठ साचलं होतं. पण जाऊ दे. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटात एक तुकडा जास्तच टाकते. तुमच्या घरी जात होतं त्या पाकिटातही. तुम्ही कधी मोजला नाहीत, आश्चर्य आहे.

कलम चारचं हसू आलं. माझ्या समोर उभे राहणार, वजन करणार, आणि बोलायचं ते कुत्र्याच्या गळ्यातून देणार! फोन नावाची एक वस्तू असते.

पाचवं कलम वाचलं. त्यात काही बदल नको. पाळीन.

नूतनीकरणाचा अर्ज कसा भरायचा ते परवाना विभागात मीच विचारून येते, तुम्ही दगदग करू नका. रविवारी दहाला वाट बघते. तुमची नाही, त्याची.

बेकरीवाली


१ फेब्रुवारी, रविवार

बेकरीच्या मालकीणबाईंस,

करारनामा अमलात येऊन आज दोन आठवडे झाले. आपला काटा मी चार वेळा तपासला. तो अचूक आहे. पात्राखालची जागाही स्वच्छ होती. त्याबद्दल अभिनंदन.

वजनाबाबत मात्र चिंतेची बाब आहे. अठरा जानेवारीस किलोचे वजन अठरा किलो चारशे ग्रॅम होते. आज ते एकोणीस किलो शंभर ग्रॅम भरेल, असा माझा घरगुती अंदाज आहे. नोंदवहीवरून असे दिसते, की आपल्या ताब्यातील प्रत्येक तीन दिवसांत तो दोनशे ग्रॅमने वाढतो. हा कलम तीनचा उघड भंग आहे. माझ्या ताब्यातील प्रत्येक चार दिवसांत तो दीडशे ग्रॅमने वाढतो. या दुसऱ्या आकड्याचा खुलासा मी स्वतंत्रपणे करीन.

परवाना विभागातून काय समजले, ते आपण अद्याप कळविलेले नाही. मुदतीस दोन महिनेच उरले आहेत.

एक प्रश्न विचारावयाचा होता, आणि तो आपल्यासमोर उभे राहून विचारणे जमले नाही. आपल्याकडे असताना दुपारी चार वाजता किलो काय करतो? तेथेही तो दाराकडे जातो का? फाटकाशी बसलो असता परवा सहज असे मनात आले, की तिला या जगात अजून नियमाने शोधणारे कोणी आहे. एखाद्या दिवशी माझ्याकडून खंड पडला, तरी त्याच्याकडून पडत नाही. आपल्याकडील वस्तुस्थिती कळल्यास समाधान वाटेल.

निवृत्त निरीक्षक


४ फेब्रुवारी, बुधवार

साहेब,

दोनशे ग्रॅमचा गुन्हा कबूल. पावाच्या कडा कापून पडतात, तो खाली उभा असतो, वर बघतो. तुम्हीच सांगा, कोणत्या कलमात बसवू ते बघणं? पण तुमच्या दीडशे ग्रॅमचं काय? बुधवारी गेलेला कुत्रा रविवारी येतो तेव्हा मिशांना लोणी लागलेलं असतं. लोणी माझ्या बेकरीत शिजतं, साहेब, मला वासावरून कळतं. तुमच्याकडे लोणी चारणारं दुसरं कोणी राहायला आलंय का?

परवाना विभागातला कारकून रजेवर आहे. लांब रजा. आला की बघू.

चार वाजता मी कामात असते, तेव्हा नीटसं लक्ष नसतं. असतो इथेच कुठेतरी. दाराकडे जातो कधी कधी. दार उघडंच असतं म्हणा.

रविवारी तो अंगाला निळी लोकर घेऊन आला होता. ताईंच्या शालीची. म्हणजे त्यांच्या खुर्चीवर झोपतो तर! ताईंना तो खुर्चीवर चढलेला मुळीच खपायचा नाही. त्यांचे नियम मोडायला तुम्ही परवानगी दिलीत, हे कळल्यावर त्या हसल्या असत्या. मी हसले त्यांच्या वाटचं.

बेकरीवाली


२२ फेब्रुवारी, रविवार

बेकरीच्या मालकीणबाईंस,

हे पत्र आणि किलो, दोन्ही आपल्याकडे सुपूर्द करीत आहे. साखळी, वाडगा व लसीकरणाचे पुस्तक पिशवीत आहे. बुधवारी मी येणार नाही.

गुरुवारी मी स्वतः परवाना विभागात गेलो. कारकून जागेवर होता. दीर्घ रजेवरून कधी परतलात, असे त्याला विचारता तो गोंधळला. गेल्या वर्षभरात त्याने एकही रजा घेतलेली नाही. ‘त्या बाई पंधरा जानेवारीलाच येऊन गेल्या. साहेब आले तर मी रजेवर आहे असं सांगायला सांगितलं होतं, मी विसरलोच,’ असे तो म्हणाला. त्याच्या टेबलावर आपल्या बेकरीचे पाकीट होते. पाव देऊन शासकीय कर्मचाऱ्यास रजेवर पाठविण्याचा हा प्रकार गंभीर आहे, परंतु तो विषय वेगळा.

त्याने मला नियम नऊ दाखविला. संयुक्त परवान्यात एका मालकाचा मृत्यू झाल्यास हयात मालक हाच एकमेव मालक ठरतो. येथे वारसाहक्क लागत नाही. म्हणजे सप्टेंबरपासून किलो पूर्णतः आपला आहे. करारनामा मुळातच निरर्थक होता. जी वस्तू माझी नव्हती, तिची मी आपल्याशी वाटणी करीत होतो, आणि आपणांस हे पंधरा जानेवारीपासून ठाऊक होते. आपण दया दाखविली, हे मी समजू शकतो. परंतु दयेवर दुसऱ्याचा कुत्रा ठेवणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

आणि शुक्रवारी जे घडले, तेही नोंदविले पाहिजे. चार वाजता आम्ही दोघे फाटकाशी बसलो होतो. आपण आपल्या तीनचाकी सायकलवरून, मागे पावाची पेटी घेऊन, घंटी न वाजविता व मान खाली घालून आमच्या रस्त्याने निघाला होतात. आपण आमच्या फाटकापाशी पोचण्यापूर्वीच किलो उभा राहिला. त्याचे सारे अंग हलत होते. अशा आनंदात मी त्याला सप्टेंबरपासून पाहिलेले नव्हते. आपण थांबलात, पेटीतून कड काढून त्याला दिलीत, माझ्याकडे पाहिलेत, आणि निघून गेलात. त्याने ती कड खाल्ली, आणि चार वाजून चार मिनिटांनी तो घरात जाऊन झोपला. रस्त्याकडे त्याने पुन्हा पाहिले नाही.

निरीक्षण हा माझा व्यवसाय होता. एवढे निरीक्षण पुरेसे आहे. तो कायद्याने आपला आहे, आणि कायदा नसता तरी आपलाच होता.

आजचे वजन एकोणीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम आहे, असे आपल्या नोंदीत असावे.

निवृत्त निरीक्षक


२६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब,

हे पत्र फाटकाखालून सरकवतेय, कारण टपाल नेणारा काट्यावर चढून बसलाय. ते पुढे सांगते. आधी भांडू द्या.

दया म्हणे! मी कुणावर दया करत नाही, विचारा माझ्या उधार गिऱ्हाइकांना. कारकुनाने नियम दाखवला तेव्हा एक क्षण मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सगळाच्या सगळा माझा. मग घरी येऊन तुमचं ते पत्र पुन्हा वाचलं. ‘दोघे असलो की बरे वाटते.’ आता हे वाचून नियम नऊ कुणाच्या तोंडावर मारायचा? म्हणून गप्प राहिले. कारकुनाला पाव दिला तो लाच म्हणून नव्हे. भुकेला दिसला.

आणि चार वाजताचं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा वर्षं दुपारची खेप घेऊन मी तुमच्याच रस्त्याने जायचे, चारला फाटकाशी थांबून त्याला कड द्यायचे. तुम्ही आधी ऑफिसात, नंतर मागच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन. ताई गेल्यावर त्या फाटकासमोरून जायची माझी हिंमतच होईना. मागच्या गल्लीने जायला लागले. आणि मग जानेवारीत तुमचं कलम पाच आलं, तेव्हा मला कळलं, की चार महिने तो बिचारा रोज चारला माझी वाट बघत बसलाय! रडू आलं मला, कणकेत पडलं. पण तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसला होतात. तुम्हाला वाटत होतं की तो ताईंना शोधतो. मी म्हटलं, वाटू दे. शुक्रवारी मागची गल्ली नळासाठी खणून ठेवली नसती, तर जन्मात आले नसते त्या रस्त्याने. घंटीसुद्धा नाही वाजवली. पण मेली साखळी कुरकुरते, आणि त्याचे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

आता तुमच्या निरीक्षणाबद्दल. अर्धवट आहे. पुढचं ऐका.

काल बुधवार. दहाच्या आधी पाच मिनिटं किलो पोत्यांवरून उठला, कोठारात गेला आणि आपण होऊन काट्यावर चढून बसला. दर वेळी तुम्ही त्याला चढवता, हात धरून सरळ बसवता, ‘हलू नये’ म्हणता. काल स्वतःच बसला, अगदी सरळ, दाराकडे तोंड करून. दहा वाजले. साडेदहा झाले. मी हाक मारली, येईना. कड दाखवली. कड! तिकडे बघितलंदेखील नाही. पिठाची गाडी आली, चाळीस पोती तोलून घ्यायची होती, आणि हा काट्यावरून हलेना. गाडीवाला म्हणतो, “बाई, याला धरून तोला, नंतर वजा करा.” दुपारी दोनपर्यंत बसला होता, साहेब. मग पोत्यांवर जाऊन पडला, आणि चारला माझ्या सायकलच्या घंटीलाही उठला नाही, नुसता एक कान हलवला. आज सकाळपासून पुन्हा तिथेच आहे.

माझ्यासाठी तो रोज चार मिनिटं थांबतो. तुमच्यासाठी काल चार तास थांबला. आता मापं तुमच्याकडे आहेत, तुम्हीच तोला.

सोबत नमुना ‘ब’ आहे. परवान्यावर नवा मालक वाढवण्याचा अर्ज. माझ्या भागात मी सही केली आहे. तुमचा भाग तुम्ही भरा. रकाना सहामध्ये ‘पहिल्या मालकाशी नाते’ विचारलंय. तो मीच भरून टाकलाय, तुम्ही वापरू नका म्हणालात त्याच शब्दाने, कारण तुमच्यावर सोडला असता तर तिथे ‘निरंक’ लिहिलं असतंत. कारकून म्हणतो नातं खोटं असेल तर अर्ज बाद होतो. तेव्हा खरं की खोटं ते बघून घ्या, आणि त्याखाली पडताळणीची सही करा. नाही तर राहू द्या.

पण काही झालं तरी येऊन माझा काटा मोकळा करून द्या. एकदा नेलात तेव्हाही माझं दुकान इतकं अडलं नव्हतं.

बेकरीवाली


२८ फेब्रुवारी, शनिवार

बेकरीच्या मालकीणबाईंस,

काल आपला काटा मोकळा करून दिला, त्या वेळी बरेच काही बोलावयाचे होते. परंतु किलो माझ्या हातातली प्रमाणित वजनांची पेटी पाडून माझ्या अंगावर चढला, आणि दोन किलोचे वजन घरंगळत आपल्या भट्टीखाली गेले. आपण इतक्या हसत होता, की बोलणे शक्य झाले नाही. ते वजन निवल्यावर काढून ठेवावे. तापल्याने त्याच्या प्रमाणात फरक पडला असण्याची शक्यता आहे.

प्रलंबित असलेला खुलासा प्रथम करतो. सकाळी मी पावाचे चार तुकडे भाजतो आणि चारींना लोणी लावतो. मला दोनच लागतात. हात सवयीचे असतात, त्यांना सप्टेंबर कळलेला नाही. उरलेले दोन किलो खातो. दीडशे ग्रॅमचे कारण ते होय. आता यापुढे दोनच भाजावे, असे ठरविले होते. आज सकाळी पुन्हा चार भाजले. आपली हरकत नसल्यास हे असेच चालू ठेवावे, असे वाटते. त्याऐवजी आपण कडा कमी कराव्यात.

चार वाजताच्या बाबतीत माझ्याकडून निरीक्षणात मूलभूत चूक झाली. फाटकाशी दोघे बसलेले होते. दोघेही वाट पाहत आहेत, आणि एकाच व्यक्तीची पाहत आहेत, असे मी गृहीत धरले. त्या शुक्रवारी तो आत गेला, तेव्हा मी साडेपाचपर्यंत एकटाच बसून राहिलो. तोवर माझ्या लक्षात आले, की ती वाट पहिल्या दिवसापासून माझी एकट्याची होती. ती मी एका कुत्र्याच्या नावावर मांडून ठेवली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी इतरांच्या अशा नोंदी सहज पकडल्या. आपण हे जानेवारीपासून जाणत होता आणि मला बसू दिलेत, याबद्दल आभार कोणत्या शब्दांत मानावेत, ते मला समजलेले नाही. समजल्यावर लेखी कळवीन.

नमुना ‘ब’ मी आज सकाळी परवाना विभागात दाखल केला. रकाना सहा भरलेला पाहून कारकुनाने विचारले, “साहेब, हे नातं बरोबर आहे ना? तुम्ही पडताळणी केल्याशिवाय सही करत नाही, म्हणून विचारतो.” मी त्यास सांगितले, की सदर नोंद माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे सत्य आहे, आणि तिला अकरा वर्षांपूर्वीपासून ग्राह्य धरावे. मागच्या तारखेने. त्याने मागच्या तारखेची सोय नसल्याचे सांगितले. मी आग्रह धरला नाही. पत्नी असती तर हा आग्रह न धरण्याचा प्रसंग तिने वाचनालयभर सांगितला असता.

किलोचे कालचे वजन एकोणीस किलो आठशे ग्रॅम आहे. करारापासून वाढलेल्या चौदाशे ग्रॅमपैकी आपले किती आणि माझे किती, हे मी काल संध्याकाळी काढून पाहिले. काढता येते. परंतु तो कागद मी फाडून टाकला आहे.

करारनाम्यात एकच दुरुस्ती सुचवितो. कलम पाच रद्द करावे. मागच्या गल्लीतले नळाचे काम पूर्ण झाले आहे, असे पाहून आलो. तथापि आपण खेप आमच्याच रस्त्याने आणावी. किलो कोणाच्याही ताब्यात असो, चार वाजता मी फाटकात असेन. खुर्ची बाहेरच असते, आता आणखी एक ठेवली आहे. येताना घंटी जरा लांबूनच वाजवीत यावे. आम्हा दोघांपैकी एकाला कमी ऐकू येते, आणि तो किलो नव्हे.

आपला,
नमुना ‘ब’, रकाना सहामध्ये नमूद केल्याप्रमाणे